हद्दपारीची मुदत

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकन हवाईदलाचे एक मालवाहू विमान अमृतसरच्या विमानतळावर उतरले. त्यात १०४ भारतीय होते. हरियाणा व गुजरात येथील प्रत्येकी ३३, पंजाबचे ३०, उत्तर प्रदेशचे ३, चंदीगडचे २ आणि आपल्या महाराष्ट्राचेही ३. परवान्यावाचून अमेरिकेत शिरलेली ही माणसे होती. अनेकांच्या हातांत बेड्या व पायांत साखळ्या घातल्या होत्या, हे कळताच संसदेत गदारोळ झाला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत सांगितले, की अशी परतपाठवणी ही काही नवी गोष्ट नव्हे. २००९ पासून पंधरा हजारांहून अधिक भारतीयांना अमेरिकेने परत धाडले आहे.

नवी नव्हे, हे खरेच. परंतु किती जुनी, आणि प्रत्येक वेळी तीच का, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबांची मुले आज आखातात, कॅनडात, अमेरिकेत आहेत. त्यांच्याविषयी बोलताना आपण ‘कायदा तो कायदा’ असे सहज म्हणून जातो. जणू हा कायदा सीनाय पर्वतावरून शिलालेखाच्या रूपाने खाली आला आणि तेव्हापासून त्यात काना-मात्रेचाही बदल झालेला नाही! वस्तुतः परवान्यावाचून आलेल्या माणसाचे काय करावे, याविषयी अमेरिकेने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जितक्या वेळा आपले मत बदलले आहे, तितक्या वेळा क्वचितच अन्य कशाविषयी बदलले असेल. त्या बदलांचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

मराठीत ‘पाठवणी’ हा शब्द आपण लेकीच्या संदर्भात वापरतो. डोळ्यांत पाणी असते, पण तिथे माणूस आपल्या घरी निघालेले असते. ‘परतपाठवणी’ या सरकारी शब्दातही माणूस आपल्याच घरी जात असतो, असे गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक किती वेळा खोटे ठरले, ते पुढे दिसेल.

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर सुमारे शंभर वर्षे तिथे यायला संघीय सरकारचा परवाना असा लागतच नव्हता. १७९८ साली फ्रान्सशी युद्धाचे ढग जमले असता परकीयांना घालवून देण्याचे अधिकार राष्ट्राध्यक्षांना देणारे दोन कायदे झाले. त्यांतील एक दोन वर्षांतच मुदत संपून बाद झाला. दुसरा, म्हणजे युद्धकाळात शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना लागू होणारा, पुस्तकात तसाच पडून राहिला. त्याची गाठ आपल्याला शेवटी पुन्हा पडणार आहे. यापलीकडे जो येईल तो राहील, अशीच स्थिती होती. आयरिश, जर्मन, पुढे इटालियन व पोलिश कॅथलिक लाखोंच्या संख्येने आले, ते कोणता व्हिसा घेऊन आले नव्हते.

दार प्रथम लागले ते चिनी मजुरांवर. कॅलिफोर्नियाच्या खाणी खोदून आणि पर्वत फोडून लोहमार्ग टाकून झाल्यावर हेच लोक आमची मजुरी पाडतात अशी ओरड सुरू झाली, आणि १८८२ साली चिनी मजुरांच्या प्रवेशाला बंदी घालणारा कायदा झाला. त्यानंतर १८९२ साली आला गीअरी कायदा. आधीपासून राहत असलेल्या प्रत्येक चिनी मजुराने वास्तव्याचा दाखला काढून जवळ बाळगावा. तो नसेल तर त्याला देशाबाहेर घालवावे, असे त्यात होते. दाखला वेळेवर काढता आला नाही, असे म्हणणाऱ्याने आपण कायदा होण्यापूर्वीपासून येथे राहतो हे सिद्ध करण्यासाठी निदान एक ‘विश्वासार्ह गोरा साक्षीदार’ आणावा, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते.

न्यूयॉर्कमधील तीन चिनी धोबी-मजुरांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांतील एकाने दाखल्यासाठी प्रयत्न केला होता, परंतु त्याचे साक्षीदार त्याच्याच जातीचे निघाले. १५ मे १८९३ रोजी निकाल लागला. फाँग यू टिंग या नावाने तो ओळखला जातो. बहुमताने न्यायमूर्तींनी ठरवले, की हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षाच नव्हे. सार्वभौम राष्ट्राने नको असलेल्या परकीयाला त्याच्या देशी परत पाठवण्याची ती केवळ एक प्रशासकीय रीत आहे. शिक्षा नव्हे म्हणजे ज्यूरी नको, सरकारी खर्चाने वकील नको, आरोपीला घटनेने दिलेली अन्य संरक्षणेही नकोत. तिघा न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवले. ज्या माणसाचे घर, धंदा, संसार येथे आहे त्याला उचलून देशाबाहेर टाकणे ही शिक्षाच आहे, आणि तीही कठोर, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मला तिघांचे म्हणणे पटते. परंतु कायदा बहुमताचा झाला, आणि आजही अमेरिकेत हद्दपारीच्या सुनावणीत गरीब माणसाला सरकारकडून वकील मिळत नाही, याचे मूळ १८९३ च्या त्या निकालात आहे.

निकाल लागला, पण अंमलबजावणी कशी करायची? चिनी समाजाच्या पुढाऱ्यांनी दाखले काढूच नका असे आवाहन केले होते आणि बहुसंख्यांनी ते मानले होते. इतक्या सगळ्यांना जहाजात बसवून पॅसिफिकपार पोचवायला सरकारी तिजोरीत पैसाच नव्हता. तेव्हा काँग्रेसने नोव्हेंबर १८९३ मध्ये दाखल्यांसाठी सहा महिन्यांची मुदत वाढवून दिली. तत्त्वाचा प्रश्न तिजोरीपाशी येऊन थांबण्याची ही पहिली वेळ, शेवटची नव्हे.

आता मुदतीविषयी. जमिनीच्या दाव्यांची सवय असलेल्या आपल्या लोकांना मुदतीचा कायदा समजावून सांगायला नको. बांधावरून कज्जा करायचा तर तो ठरावीक वर्षांत करावा लागतो. बारा वर्षे तोंड मिटून बसलेल्याला नंतर न्यायालय दारात उभे करीत नाही. काळ लोटला की वहिवाटीलाही काही अर्थ येतो, हे तत्त्व त्यामागे आहे. गंमत अशी, की हेच तत्त्व अमेरिकेच्या हद्दपारीच्या कायद्यातही एके काळी होते. १८९१ च्या कायद्याने बेकायदा शिरलेल्या माणसाला परत पाठवायचे, तर ते एका वर्षाच्या आत पाठवायला हवे होते. वर्ष उलटले की सरकारचा हक्क संपला. १९०७ साली ही मुदत तीन वर्षे झाली, १९१७ साली बहुतेक बाबतींत पाच. याच १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा बराच मोठा भाग ‘निषिद्ध पट्टा’ म्हणून बंद केला. आणि १९२४ साली, प्रत्येक देशाचा कोटा बांधून देणाऱ्या कायद्याबरोबर, व्हिसावाचून आलेल्यांच्या बाबतीत मुदत नाहीशी झाली. आता माणूस दहा वर्षांनी सापडो की चाळीस वर्षांनी, हद्दपारी होऊ शकत होती. त्याच वर्षी सीमेवर गस्तीचे दल उभे राहिले. ‘बेकायदा परकीय’ नावाचा, कायम टांगत्या तलवारीखाली जगणारा माणूस खऱ्या अर्थाने या वर्षी जन्माला आला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

मेक्सिकोला कोटा नव्हता. टेक्सास-कॅलिफोर्नियाच्या जमीनदारांना कापूस वेचायला हात हवे होते, म्हणून त्यांनी तो लागू होऊ दिला नाही. मेक्सिकन नकोच म्हणणाऱ्यांना मग एक तडजोड मिळाली. दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर कोलमन ब्लीझ, वर्णभेदाचे उघड पुरस्कर्ते, यांनी मांडलेला कायदा मार्च १९२९ मध्ये संमत झाला. परवान्यावाचून सीमा ओलांडणे हा प्रथमच फौजदारी गुन्हा ठरला आणि हद्दपार झाल्यावर पुन्हा येणे हा अधिक गंभीर गुन्हा. म्हणजे आकडा बांधला नाही, पण गरज संपेल तेव्हा धरता येईल असा पाश तयार ठेवला. हा कायदा लक्षात ठेवावा. तो निजतो, मरत नाही.

विशेष म्हणजे त्याच महिन्यात त्याच काँग्रेसने आणखी एक कायदा केला. त्याला ‘नोंदणीचा कायदा’ म्हणतात. ३ जून १९२१ पूर्वी आलेल्या, तेव्हापासून सतत राहिलेल्या, सद्वर्तनी माणसाच्या प्रवेशाची नोंद सापडत नसेल, तर ठरावीक शुल्क भरून त्याने नव्याने नोंद करावी आणि कायदेशीर व्हावे, अशी ती सोय होती. मुदतीचे तत्त्व समोरच्या दाराने बाहेर काढले आणि परसदाराने आत घेतले! मात्र त्या परसदाराने कोण आत आले? १९३० ते १९४० या दशकात सुमारे १ लाख १५ हजार लोकांनी हा लाभ घेतला. त्यांत बहुतेक युरोपियन व कॅनेडियन होते. मेक्सिकन मजुराला या सोयीची माहितीही फारशी कोणी दिली नाही. त्याच्या वाट्याला आला तो दुसरा कायदा.

१९२९ च्या अखेरीस शेअरबाजार कोसळला. बेकारी वाढली तशी परक्यांकडे बोटे वळली. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी दुपारी लॉस एंजलीस शहरातील ‘ला प्लासिता’ या जुन्या चौकाला अधिकाऱ्यांनी वेढा घातला. या चौकासमोरच देवदूतांची राणी मारिया हिचे जुने चर्च आहे. मेक्सिकन लोकांची बसण्या-बोलण्याची ही नेहमीची जागा. सुमारे चारशे माणसांना तासाहून अधिक काळ अडवून कागदपत्रे विचारण्यात आली. प्रत्यक्ष अटक झाली ती मूठभरांना. परंतु हेतू अटकेचा नव्हताच, धास्तीचा होता, आणि तो सफल झाला. पुढल्याच महिन्यापासून लॉस एंजलीस परगण्याच्या धर्मादाय खात्याने खास आगगाड्या सोडण्यास प्रारंभ केला. बेकार कुटुंबाला महिनोन्महिने शिधा देण्यापेक्षा सीमेपर्यंतचे तिकीट स्वस्त पडते, असा साधा हिशेब त्यामागे होता. १९३४ पर्यंत या एकाच परगण्यातून सुमारे १३ हजार लोक अशा गाड्यांनी गेले.

१९२९ ते १९३५ या काळात कायद्याने रीतसर हद्दपार केलेल्या मेक्सिकनांची संख्या सुमारे ८२ हजार भरते. परंतु ‘स्वेच्छेने’ गेलेल्यांसह एकूण गेलेल्यांचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत व त्याही पलीकडे जातात. अंदाजांत इतकी तफावत का? कारण ज्याला स्वेच्छा म्हटले त्याची नोंद ठेवावी लागत नाही. शिधा बंद करतो म्हणून सांगायचे, तिकीट हातात द्यायचे, आणि वहीत लिहायचे ‘आपखुशीने’. या जाणाऱ्यांमध्ये मुलांची संख्या मोठी होती, आणि ती मुले अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे घटनेनुसार अमेरिकन नागरिक होती. ज्यांनी मेक्सिको कधी पाहिलाही नव्हता, त्यांना ‘परत’ पाठवण्यात आले. कॅलिफोर्निया राज्याने या प्रकाराबद्दल कायदा करून क्षमा मागितली ती २००५ साली. तोवर त्या गाड्यांतील लहान मुले सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडून गेली होती.

दहा-अकरा वर्षे लोटली आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. शेतावर माणूस मिळेना. ४ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेने मेक्सिकोशी करार केला आणि ज्यांना आगगाडीने पोचवले होते त्यांच्याच भाऊबंदांना आगगाडीने आणण्यास सुरुवात केली. ‘ब्रासेरो’, म्हणजे हातांनी काबाडकष्ट करणारा, या नावाची ही योजना १९६४ च्या अखेरपर्यंत चालली. बावीस वर्षांत सुमारे ४६ लाख करारपत्रे झाली. करारात मजुरी, निवारा, परतीचे भाडे ही कलमे होती. ती पाळणे ज्यांना महाग वाटे, ते शेतमालक कराराबाहेरचा मजूर ठेवत. रिओ ग्रांदे नदी पोहून आलेला म्हणून त्याला ‘ओल्या पाठीचा’ म्हणत. ती शिवीच होती.

या काळातील एक प्रथा तर नमुनेदार आहे. बेकायदा आलेला मजूर शेतावर सापडला, की त्याला सीमेपर्यंत नेत, एक पाऊल पलीकडे टाकायला लावत, आणि तेवढ्याने तो ‘परत पाठवला गेला’ असे समजून तिथल्या तिथे करारपत्र देऊन त्याच शेतावर आणीत. याला सरकारी भाषेतच ‘वाळवणे’ म्हणत! १९५० साली अशा रीतीने ९६ हजार मजूर ‘वाळवले’ गेले, तर मेक्सिकोतून रीतसर नवे आणलेले २० हजारही नव्हते, असे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या ध्यानात आले. उन्हाळ्यात अंगणात वाळवणे घालणाऱ्या आपल्या आयाबहिणींनाही इतक्या झटपट काही वाळवता येत नाही. शेतात पीक उभे असताना माणसाची पाठ ओली आहे की कोरडी, हे कोणाला दिसत नाही. पीक निघाले की लगेच दिसते.

याच काळात, २८ जानेवारी १९४८ रोजी, स्थलांतर खात्याने भाड्याने घेतलेले एक विमान कॅलिफोर्नियातील ओकलंडहून सीमेजवळच्या एल सेंत्रोकडे निघाले होते. आत २८ मेक्सिकन शेतमजूर होते. काहींच्या कराराची मुदत संपलेली, काही कागदपत्रांवाचून आलेले. लॉस गातोस नावाच्या दरीत विमान पेट घेऊन कोसळले. वैमानिक, त्याचा सहकारी, हवाई सेविका असलेली वैमानिकाची पत्नी आणि खात्याचा रक्षक धरून सर्व ३२ जण मृत्यू पावले. चार अमेरिकनांची नावे देशभर प्रसृत झाली. उरलेल्यांचा अनेक ठिकाणी उल्लेख झाला तो केवळ ‘हद्दपार होणारे’ असा. फ्रेज्नो येथील होली क्रॉस या कॅथलिक दफनभूमीत २८ जणांना एकाच खड्ड्यात पुरण्यात आले. त्यावर बसवलेल्या फलकावर ‘२८ मेक्सिकन नागरिक’ एवढाच बोध होई. पासष्ट वर्षे ते तसेच राहिले. नंतर एका लेखकाने आणि दफनभूमीच्या व्यवस्थापकांनी जुनी दप्तरे उलगडून, गावोगाव चौकशी करून नावे शोधली, आणि २ सप्टेंबर २०१३ रोजी अठ्ठावीसही नावे कोरलेली शिळा तेथे उभी राहिली. दफनाची नोंदवही सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला या हकिकतीतील सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते ती हीच, की नावे मुळात अज्ञात नव्हती. विमानात बसवताना कोणाच्या तरी हातात यादी असणारच.

१९५४ चा उन्हाळा आला. निवृत्त सेनापती जोसेफ स्विंग हे स्थलांतर खात्याचे प्रमुख झाले होते. त्यांनी लष्करी थाटात मोहीम काढली आणि त्या शिवीचेच नाव तिला अधिकृतपणे दिले. गाड्या, विमाने, टेक्सासच्या पोर्ट इसाबेलपासून मेक्सिकोतील व्हेराक्रूझपर्यंत जहाजे. दहा लाखांहून अधिक लोक परत गेले, असे खात्याने जाहीर केले. इतिहासकार हा आकडा मान्य करीत नाहीत. त्यात मोहिमेपूर्वीच्या महिन्यांतील अटका आणि पुन्हा पुन्हा धरलेली तीच माणसे मिसळली आहेत. शिवाय तिकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही अशी दुसरी बाजू आहे. याच वर्षांत करारपत्रांची संख्या खात्याने झपाट्याने वाढवली; १९५६ मध्ये ती ४ लाख ४५ हजारांच्या घरात गेली. एका हातात केरसुणी आणि दुसऱ्या हाताने दार उघडे, असा तो प्रकार होता. मोहिमेची आठवण राहिली ती केवळ केरसुणीची, आणि पुढच्या काळातील पुढारी तिचाच दाखला देऊ लागले.

१९६५ चा कायदा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. त्याने वंशावर आधारलेला कोटा रद्द केला आणि भारतीय डॉक्टर, परिचारिका, अभियंते यांना दार उघडले. न्यू जर्सीपासून शिकागोपर्यंतची महाराष्ट्र मंडळे त्या दारातूनच आत गेली आहेत. परंतु त्याच कायद्याने पश्चिम गोलार्धाला, म्हणजे मेक्सिकोलाही, प्रथमच वार्षिक मर्यादा घातली. ती १९६८ पासून लागू झाली. ब्रासेरो योजना नुकतीच बंद झालेली. त्याच शेतांवर तीच माणसे तसेच काम करीत राहिली. फक्त आता ती बेकायदा झाली. ज्या लेखणीने आपल्याला आत घेतले तिनेच त्यांना बाहेर ठेवले, हे परदेशस्थ आप्तांविषयी अभिमानाने बोलताना आठवणीत असलेले बरे.

मध्य अमेरिकेतील यादवीने पळून आलेल्यांचा काळ मी थोडक्यात आवरतो. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची हत्या २४ मार्च १९८० रोजी झाली. बरोबर दोन वर्षांनी, त्याच दिवशी, अॅरिझोनातील तूसान येथील एका प्रेस्बिटेरियन चर्चने साल्वादोरी निर्वासितांना आपण उघडपणे आश्रय देत असल्याचे जाहीर केले. शेकडो चर्चेस व धर्मसंघ त्यात सामील झाले. १९८६ मध्ये यातील काहींवर, ज्यांत कॅथलिक धर्मगुरूही होते, खटले होऊन दोष शाबीत झाले. मात्र १९९१ साली सरकारनेच न्यायालयात तडजोड केली आणि नाकारलेले हजारो अर्ज पुन्हा तपासण्याचे मान्य केले.

६ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केले. अट अशी, की शेतमजूर सोडून इतरांनी १ जानेवारी १९८२ पूर्वीपासून येथे राहत असल्याचे दाखवावे. चोरून राहिलेल्या माणसाने राहिल्याचा पुरावा आणायचा कोठून? भाड्याच्या पावत्या, शाळेचे दाखले, विजेची बिले, आणि चर्चने दिलेले पत्रदेखील चालत होते. अनेक धर्मप्रांतांच्या कार्यालयांत अर्ज भरून घेण्याची सोय होती. आमच्याकडे व्हिसासाठी बाप्तिस्म्याचा दाखला न्यायला येणारी तरुण मंडळी ‘फादर, लवकर करा, एजंट थांबलाय’ म्हणतात, तेव्हा मला त्या अमेरिकन धर्मगुरूंची आठवण होते. एका कागदावरच्या सहीने माणूस देशाचा होतो वा परका ठरतो, ही जाणीव त्या दिवसांत त्यांना रोज होत असेल.

दहाच वर्षांत लंबक दुसऱ्या टोकाला गेला. ३० सप्टेंबर १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने हद्दपारीचा पुष्कळसा आजचा ढाचा घडवला. शब्दही बदलला, ‘हद्दपारी’ जाऊन ‘दूर करणे’ आले. सीमेवर धरलेल्याला न्यायाधीशासमोर न नेताच अधिकाऱ्याने परत पाठवण्याची तरतूद झाली. सहा महिन्यांहून अधिक काळ बेकायदा राहून जो बाहेर जाईल त्याला तीन वर्षे, आणि वर्षाहून अधिक राहून जाईल त्याला दहा वर्षे परत येण्यास मनाई झाली. याचा परिणाम कायदा करणाऱ्यांच्या कल्पनेच्या उलट झाला. पूर्वी मेक्सिकन मजूर हंगामाला येई, पैसे साठवी, नाताळला घरी जाई. आता सीमेवर कुंपणे वाढली आणि घरी गेल्यास दहा वर्षांची बंदी! इकडे आड, तिकडे विहीर. मग तो जाईनासाच झाला, आणि त्याने बायकामुलांना तिकडे आणले. १९९६ मध्ये परवान्यावाचून राहणाऱ्यांचा अंदाज पन्नास लाखांचा होता. २००७ मध्ये तो एक कोटी वीस लाखांवर गेला. बाहेर घालवण्यासाठी केलेल्या कायद्याने त्यांना आत कोंडले.

त्यापुढचा इतिहास वाचकांच्या स्मरणात असेल. २००१ च्या हल्ल्यांनंतर हा विषय गृहसुरक्षेच्या खात्यात गेला. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या काळात, २०१२ च्या एका वर्षात, ४ लाख ९ हजारांहून अधिक लोकांना दूर केले गेले. आणि त्याच वर्षी बालपणी आणलेल्यांना तात्पुरते अभय देणारी योजनाही त्यांनीच आणली. २०१८ च्या वसंतात ब्लीझ यांचा १९२९ चा तो कायदा खडबडून जागा झाला. सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर त्याखाली फौजदारी खटला भरण्याचा आदेश निघाला. आईबाप कोठडीत, म्हणून मुले वेगळी. त्या वर्षांत एकूण पाच हजारांहून अधिक मुलांची आईबापांपासून ताटातूट झाली.

जानेवारी २०२५ नंतर तर जुन्या कपाटांतील बरेच काही बाहेर निघाले. १७९८ च्या शत्रुनागरिक कायद्याचा आधार मार्च महिन्यात घेण्यात आला, आणि दोनशेहून अधिक व्हेनेझुएलन लोकांना, त्यांच्या देशी नव्हे, तर एल साल्वादोरच्या तुरुंगात पाठवले गेले. न्यायाधीशाविना परत पाठवण्याची सीमेवरची रीत देशभर लागू करण्याचे ठरले. ज्याला आपण दोन वर्षांहून अधिक काळ येथे आहोत हे दाखवता येणार नाही, त्या कोणालाही. १८९१ साली मुदत सरकारवर होती. २०२५ साली ती माणसावर आली. न्यायालयाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये या आदेशाला स्थगिती दिली. चर्च, शाळा, इस्पितळे येथे धरपकड करू नये, असा २०११ पासूनचा संकेतही रद्द झाला. जुलै २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोच्या बिशपांनी, अटकेच्या भीतीने जे मिस्साला येऊ शकत नाहीत त्यांना रविवारच्या बंधनातून मुक्त केले. महासाथीत आपण असे ऐकले होते. शासनाच्या भीतीपायी क्वचितच. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकन बिशपांच्या परिषदेने २१६ विरुद्ध ५ मतांनी सरसकट सामूहिक हद्दपारीला विरोध करणारे निवेदन संमत केले. राष्ट्राला सीमा राखण्याचा हक्क आहे, हेही त्यांनी नाकारलेले नाही. ख्रिस्तसभेने ते कधीच नाकारलेले नाही. वाद हक्काचा नाही, रीतीचा आहे.

राहता राहिला तो १९२९ चा नोंदणीचा कायदा. तो रद्द झालेला नाही. त्यातील तारीख वेळोवेळी पुढे सरकत आली. १९५८ मध्ये ती १९४० वर आणली, १९६५ मध्ये १९४८ वर, १९८६ मध्ये १ जानेवारी १९७२ वर. प्रथम ती आठ वर्षे मागे होती, मग अठरा, सतरा, चौदा. १९८६ नंतर ती कोणी हलवलेली नाही. सात वर्षे राहिलेल्या कोणालाही नोंद करता यावी, असे विधेयक २०२२ साली प्रतिनिधिगृहात मांडले गेले. ते मंजूर झाले नाही. आज अमेरिकेत परवान्यावाचून राहणाऱ्यांची संख्या, २०२३ च्या अंदाजाप्रमाणे, एक कोटी चाळीस लाख आहे. त्यांत भारतीयांची संख्याही लाखांत मोजावी लागते. नोंदणीच्या कार्यालयाचे दार उघडे आहे. मात्र त्यातून आत जायला १९७२ पूर्वी आलेले असावे लागते.